बावरीची वाट आणि उत्तरकुरू : पालि कथांतील नकाशे

पालि वाङ्मयात कागदावर वा कापडावर रेखाटलेले नकाशे नाहीत. परंतु नगरांची क्रमवार नावे, योजनांची मोजमापे, नद्या, पर्वत व समुद्र यांची वर्णने यांतून शब्दांचे नकाशे ठिकठिकाणी उभे राहतात. त्यांतील काही स्थळे आजही दाखविता येतात. काही स्थळे पृथ्वीच्या पाठीवर कोठेही नाहीत. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन चालू असता श्रोत्यांकडून हमखास प्रश्न येतो, ‘हे ठिकाण खरोखर आहे काय?’ हा प्रश्न योग्यच आहे. मात्र त्याचे उत्तर केवळ ‘होय’ वा ‘नाही’ असे देऊन भागत नाही. कथेतील स्थळ कोणते कार्य करते, हेही पाहावे लागते.

आरंभ आपल्याच मुलखापासून करू. हिंगोलीहून कळमनुरी, आखाडा बाळापूर या मार्गाने पुढे गेले की नांदेडला गोदावरी लागते. अंगुत्तर निकायात सोळा महाजनपदांची यादी आहे; त्यांपैकी दक्षिणेतील अस्सक हे जनपद याच गोदावरीच्या खोऱ्यात होते. त्याची राजधानी पोतन म्हणजे तेलंगणातील आजचे बोधन, असे अनेक विद्वान मानतात. सुत्तनिपाताच्या पारायणवग्गात बावरी या ब्राह्मणाची कथा येते. कोसलातून दक्षिणेस आलेला बावरी अस्सक व अळक या राज्यांच्या सान्निध्यात, गोदावरीच्या काठी राहत होता. आपल्याजवळचे सर्व काही त्याने यज्ञात देऊन टाकल्यावर दुसरा एक ब्राह्मण येऊन पाचशे नाणी मागतो आणि ती न मिळाल्यास सातव्या दिवशी तुझ्या मस्तकाची सात शकले होतील, असा शाप देतो. भयभीत झालेला बावरी आपले सोळा शिष्य बुद्धाकडे पाठवितो.

या शिष्यांची वाट वत्थुगाथांत नगरामागून नगर सांगितली आहे : अळकाचे पतिट्ठान, माहिस्सती, उज्जेनी, गोनद्ध, वेदिस, वनसव्हय, कोसंबी, साकेत, सावत्थी, पुढे सेतव्या, कपिलवत्थु, कुसिनारा, पावा, भोगनगर, वेसाली आणि शेवटी मगधातील पासाणक चेतिय. पैठण, उज्जैन, विदिशा, कोसम, श्रावस्ती ही नावे आजच्या नकाशावर बोट ठेवून दाखविता येतात. दक्षिणापथाचे व्यापारी ज्या मार्गाने ये-जा करीत, तोच हा मार्ग होय. चुल्लनिद्देस या प्राचीन टीकेत वत्थुगाथांवर भाष्य नाही. त्यामुळे हा भाग मूळ प्रश्नांच्या मानाने उत्तरकालीन असावा, असे अभ्यासकांचे मत आहे. तसे असले तरी तो रचणाऱ्यास ही वाट ठाऊक होती, यात शंका नाही.

म्हणजे येथे वाट खरी आहे. काल्पनिक आहे ते भय. शिष्यांना बुद्धाकडून मिळणारे उत्तर असे की, अविद्या हेच मस्तक आणि विद्या हीच ते फोडणारी होय. शापाची धास्ती तेथेच संपते. सोळा जणांत वृद्ध असलेला पिंगिय अखेरीस म्हणतो की, शरीर थकल्यामुळे मी तेथवर चालत जाऊ शकत नाही. मनाने मात्र नित्य तेथेच असतो. ज्याला चालवत नाही, त्याच्यासाठीही कथेने वाट मोकळी ठेवली आहे.

बावरीचा आश्रम नेमका कोठे होता? अट्ठकथा सांगते की, गोदावरी दुभंगून तीन योजनांचे एक बेट झाले होते व ते कवठाच्या झाडांनी भरलेले होते. या वर्णनाच्या आधारे तेलंगणातील बादनकुर्ती या गोदावरीतील बेटाचे नाव पुढे केले जाते. आपल्या परिसरातही असा मान आपल्या गावाला मिळावा, असे कोणास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु उत्खनन वा शिलालेख यांचा पुरावा नसता असे नाव नकाशावर लिहिणे म्हणजे इतिहासाच्या जागी दंतकथा बसविणे होय, आणि ते आम्हांस मान्य नाही.

आता दुसऱ्या प्रकारचा नकाशा पाहू. सुप्पारक हे आजचे सोपारा. तेथे १८८२ साली पं. भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूपाचे उत्खनन केले. तेथेच अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही सापडला. सुप्पारक जातकात याच नावाचा एक आंधळा नाखवा भरुकच्छाहून, म्हणजे भडोचहून, सातशे व्यापाऱ्यांना घेऊन निघतो. तारू वादळात सापडून भरकटते आणि खुरमाल, अग्गिमाल, दधिमाल अशा कोठेही नसलेल्या समुद्रांतून जाऊ लागते. एका समुद्रात हिरे आहेत, दुसऱ्यात सोने, तिसऱ्यात रुपे. सुप्पारकाला हे ठाऊक असते. पण सांगितले तर लोभाने हे लोक तारू बुडवितील, म्हणून तो जाळे टाकून धन वर घेतो आणि मौन राखतो. पुढे मृत्यूच्या मुखासारखा वळभामुख समुद्र येतो, तेव्हा ‘आपण जाणूनबुजून एकाही प्राण्याची हिंसा केली नाही’ या सत्यवचनाच्या बळावर तो तारू परत आणतो. या नकाशाने कोणी गलबत हाकणार नाही. लोभ आणि शील यांची परीक्षा मात्र या समुद्रांवाचून अशी उभी करता आली नसती.

तिसरा नकाशा उत्तरकुरूचा. दीघ निकायातील आटानाटिय सुत्तात या देशाचे वर्णन आहे. तेथे कोणी ‘माझे’ म्हणत नाही, कोणी संचय करीत नाही; नांगरणी-पेरणी न करता भात पिकतो. परंतु त्याच सुत्तात तेथील लोक स्त्री-पुरुषांना व मुलामुलींना वाहन करून फिरतात, असेही म्हटले आहे. मालकी नसलेल्या देशाची कल्पना करतानाही माणसाने माणसाच्या खांद्यावर बसण्याची सवय सुटली नाही, हे अभ्यासकाने लपवू नये.

अंगुत्तर निकायाच्या नवक निपातात याचा पुढचा विचार सापडतो. निर्ममता, अपरिग्रह आणि नियत आयुष्य या तीन बाबतींत उत्तरकुरूचे लोक आपल्याहून श्रेष्ठ आहेत. मात्र शौर्य, स्मृती आणि ब्रह्मचर्यवास या तीन बाबतींत जंबुद्वीपातील माणसे त्यांच्याहून श्रेष्ठ आहेत, असे तेथे सांगितले आहे. काल्पनिक देश दाखवून झाल्यावर बोट पुन्हा येथेच, आपल्या भूमीकडे, वळते. रोहितस्साच्या सुत्तातही हेच आहे. जगाचा अंत गाठण्यासाठी तो शंभर वर्षे चालला आणि वाटेतच मेला. त्याला बुद्धाचे उत्तर असे की, चालून जगाचा अंत गाठता येत नाही. संज्ञा व मन असलेल्या या वावभर देहातच जग आहे आणि त्याचा निरोधही.

१८३५ साली मेकॉलेने आपल्या टिपणात भारतीय ग्रंथांतील लोण्याच्या व काकवीच्या समुद्रांची टिंगल केली. भूगोल म्हणून सिनेरू पर्वत किंवा चार महाद्वीपे आज कोणीही मानू नयेत. जे बुद्धीला धरून आहे तेच बुद्धवचन, ही कसोटी बाबासाहेबांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दिली आहे. जपानमध्ये होतान या भिक्षूने १७१० साली जंबुद्वीपाचा छापील नकाशा केला. त्यात मध्यभागी अनोतत्त सरोवर आहे आणि एका कोपऱ्यात युरोपही आहे. जुन्या कथेच्या चौकटीत नवी माहिती बसविण्याचा तो प्रयत्न होता. आज ती चौकट सोडावी लागेल; कथेचा हेतू सोडण्याचे कारण नाही.

कारण काल्पनिक नकाशे केवळ पोथीत नसतात. गावकुसाबाहेरची वस्ती, वेगळा पाणवठा, वेगळी वाट हाही एक नकाशाच होता. त्यातील शुद्ध-अशुद्धतेची रेषा मातीत कोठेही नव्हती. ती कल्पनेत होती, तरी पिढ्यान्‌पिढ्या माणसे तिने बांधली गेली. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्यावर जी टीका केली, तिच्यामागे हा अनुभव होता. संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. मनातील रेषा पुसण्याचे काम अजून पुरे झालेले नाही.

म्हणून विहारात पुन्हा तो प्रश्न येईल, तेव्हा उत्तर दोन भागांत द्यावे. स्थळ खरे की काल्पनिक, हे पुराव्याने निःसंकोच सांगावे. त्यानंतर विचारावे : हा नकाशा माणसाला जागच्या जागी जखडतो, की बावरीच्या शिष्यांप्रमाणे प्रश्न घेऊन चालायला लावतो?