सेकंड हँड गाडी पुरात बुडालेली होती का? असं ओळखा

पुरात बुडालेली गाडी धुऊन, पॉलिश करून पुन्हा विकायला येते. बाहेरून चकचकीत दिसली तरी खरा धोका वायरिंगमध्ये असतो. कनेक्टरमध्ये पाणी शिरलं की तांब्यावर हिरवट गंज चढतो आणि काही महिन्यांनी एबीएस किंवा एअरबॅग ऐन वेळी दगा देऊ शकते.

म्हणून सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून चिखलाचे डाग आहेत का पाहा. मॅटिंग उचलून वास घ्या, सीटखालचे रेल गंजलेत का तपासा. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझायला हवा. लागलाच नाही तर शंका घ्या. विम्याच्या जुन्या पॉलिसीही मागा. नो क्लेम बोनस अचानक शून्यावर आला असेल, तर क्लेम कशाचा होता ते विचारा.