परमुलखातला सण : लंडनच्या नॉटिंग हिलची हकीकत



वसंत ऋतूत संध्याकाळी दिवसाची कामे आटोपून व्याख्यान ऐकावयास जमण्याची चाल न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात पाडली आणि तेथून ती गावोगाव गेली. आज आपण येथे बसलो आहोत ते त्या चालीमुळेच. येथे येताना आपणांपैकी कोणाला पत्ता विचारावा लागला नाही. कोणी शेजाऱ्याला हाक मारून आले, कोणी नातवाचे बोट धरून आले. हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की, यात आपल्याला काही लाभले आहे असे वाटतच नाही. पण जो मनुष्य बायकामुलांसह परमुलखात बिऱ्हाड करतो, त्याला पहिल्या वर्षीच ही उणीव जाणवते. नोकरी मिळते, खोली मिळते, मुलांना शाळाही मिळते. परंतु मुलांना घेऊन जावे, चार ओळखीची माणसे भेटावीत, वाद्ये ऐकावीत, काही खावे आणि दमून घरी परतावे, असे ठिकाण मिळत नाही. ते कोणत्याही सरकारी कचेरीत नोंदलेले नसते.

परमुलखात गेलेल्या लोकांनी असे ठिकाण कसे मिळवले, याची एक हकीकत मी आज सांगणार आहे. ती आपल्या लोकांची नाही. वेस्ट इंडीज बेटांतून लंडनला गेलेल्या लोकांची आहे. ती निवडण्याचे कारण इतकेच की, तिचे टप्पे स्पष्ट दिसतात आणि तिच्यातून आपणांस घेण्यासारखे पुष्कळ आहे.

प्रथम या सणाचे मूळ पाहिले पाहिजे. १७८३ साली स्पेनच्या राजाने त्रिनिदाद बेटावर कॅथलिक वसाहतवाल्यांना जमिनी देण्याचे फर्मान काढले. त्यामुळे फ्रेंच मळेवाले आपल्या गुलामांसह तेथे येऊन राहिले. ईस्टरपूर्वीचा उपवासाचा काळ सुरू होण्याआधी मुखवटे घालून नाच-मेजवान्या करण्याची त्यांची रीत होती. तिलाच कार्निव्हल म्हणतात. गुलामांना त्यात बरोबरीची जागा नव्हती. १८३४ साली गुलामगिरी कायद्याने संपली, १८३८ साली उरलेली सक्तीची उमेदवारीही संपली, आणि मुक्त झालेले लोक हाच सण घेऊन रस्त्यावर उतरले. मशाली, ढोल आणि धन्यांची नक्कल ही त्यांच्या सणाची अंगे होती. सरकारला हे रुचले नाही. १८८१ साली मशालींच्या मिरवणुकीवरून पोलिसांशी मोठी चकमक झाली आणि पुढे ढोलांवर बंदी आली. तेव्हा लोकांनी बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला. पुढे बिस्किटांचे डबे आले, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास तेलाची रिकामी पिंपे आली. पिंपाचा तळ ठोकून त्यातून स्वर काढण्याची युक्ती सापडली आणि ‘स्टील पॅन’ हे वाद्य जन्मास आले.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. त्याच बेटावर १८४५ पासून गिरमिटिया मजूर म्हणून गेलेले आपले हिंदुस्थानी लोकही होते. ते मोहरमचे ताबूत काढीत आणि त्यात हिंदूही सामील होत. १८८४ साली सान फर्नांडो येथे या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला व अनेक मजूर मारले गेले. दोन निराळ्या लोकांचे दोन निराळे सण तीनचार वर्षांच्या अंतराने सरकारच्या डोळ्यांत सलले. परक्या सत्तेखाली जमावाचा सण हा नेहमीच संशयाचा विषय असतो. आपल्याकडे १८९३ नंतर सार्वजनिक गणेशोत्सवाने हे अनुभवलेच.

आता लंडनकडे वळू. २२ जून १९४८ रोजी ‘एम्पायर विंडरश’ नावाच्या बोटीचे प्रवासी टिलबरी बंदरात उतरले. त्यांत वेस्ट इंडीजमधून निघालेले सुमारे आठशे लोक होते. महायुद्धानंतर इंग्लंडला हातांची गरज होती आणि या लोकांपाशी ब्रिटिश प्रजाजनांचे हक्क होते. पुढील दहा वर्षांत बसगाड्या, रेल्वे, इस्पितळे आणि कारखाने यांत ते कामाला लागले. काम मिळाले, पण खोली मिळणे कठीण झाले. काळ्या माणसास जागा नाही अशा पाट्या भाड्याच्या घरांवर लागत. पश्चिम लंडनमधील नॉटिंग हिल हा त्या काळी पडझडीला आलेल्या जुन्या घरांचा भाग होता. तेथे दामदुप्पट भाडे घेऊन एकेका खोलीत कुटुंबे कोंबली जात. दारूच्या गुत्त्यांत आणि नाचघरांत त्यांचे स्वागत नव्हते. साहजिकच करमणूक तळघरातल्या खोलीत, दारे लावून होई. तेथे मोठी माणसे जमत. मुलांना मात्र जावयास जागाच नव्हती.

१९५८ च्या ऑगस्टअखेर गोऱ्या तरुणांच्या टोळ्यांनी नॉटिंग हिलमधील या वस्तीवर हल्ले केले. कित्येक रात्री दंगा चालला. न्यायालयाने नऊ तरुणांना प्रत्येकी चार वर्षांची सजा दिली. परंतु सजेने भीती जात नाही. ज्या रस्त्यावर आपल्या बापावर बाटल्या फेकलेल्या पाहिल्या, त्या रस्त्यावर मूल खेळावयास कसे जाईल?

या ठिकाणी क्लॉडिया जोन्स या बाईंचे नाव घेतले पाहिजे. त्या १९१५ साली त्रिनिदादमध्ये जन्मल्या, लहानपणी आईबापांकडे न्यूयॉर्कला गेल्या आणि तेथे कम्युनिस्ट पक्षाच्या कार्यकर्त्या झाल्या. अमेरिकन सरकारने त्यांना तुरुंगात घातले व १९५५ साली हद्दपार केले. लंडनला येऊन त्यांनी मार्च १९५८ मध्ये ‘वेस्ट इंडियन गॅझेट’ हे वृत्तपत्र काढले. त्याची कचेरी ब्रिक्स्टन भागात ग्रामोफोनच्या तबकड्यांच्या एका दुकानावर होती. दंगलीनंतर निषेधाच्या सभा झाल्या, तशा त्या त्यांनीही भरवल्या. पण सभेने लोकांचा संताप व्यक्त होतो, आनंद परत येत नाही, हे त्यांनी ओळखले. ३० जानेवारी १९५९ रोजी त्यांनी सेंट पँक्रास टाऊन हॉलमध्ये कार्निव्हल भरवला. स्टील बँड, कॅलिप्सो गाणी, नाच आणि सौंदर्यस्पर्धा असा तो कार्यक्रम होता. बीबीसीने तो दूरदर्शनवर दाखवला. स्मरणिकेच्या विक्रीतील काही भाग दंगलीत सापडलेल्या काळ्या आणि गोऱ्या अशा दोन्ही तरुणांचे दंड भरण्यासाठी ठेवला होता. ‘गोऱ्या’ हा शब्द येथे विसरू नये.

जानेवारीत आणि तोही सभागृहात, असे का? मूळ सण उपवासापूर्वीचा, म्हणजे फेब्रुवारीच्या आसपासचा. त्रिनिदादमध्ये तेव्हा ऊन असते; लंडनमध्ये हाडे गोठतात. तिथी सांभाळावयाची तर रस्ता सोडावा लागे. त्यांनी तिथीच्या जवळ राहून छपराचा आश्रय घेतला. शिवाय रस्ता तेव्हा त्यांचा नव्हताच. त्याच वर्षी मे महिन्यात केल्सो कॉक्रेन नावाचा अँटिग्वाचा तरुण सुतार रात्री घरी परतताना नॉटिंग हिलमध्ये भोसकला गेला. त्याच्या अंत्ययात्रेस हजाराहून अधिक लोक जमले. त्या खुनाबद्दल कोणासही शिक्षा झालेली नाही.

क्लॉडियाबाईंचे कार्निव्हल दरसाल निरनिराळ्या सभागृहांतून होत राहिले. १९६४ च्या डिसेंबरात, पन्नाशीही न गाठता, त्या वारल्या. हायगेटच्या स्मशानभूमीत कार्ल मार्क्सच्या समाधीशेजारी त्यांची समाधी आहे. त्यांच्यामागे तो उपक्रम थांबला.

दुसरा धागा अगदी निराळ्या ठिकाणी सुरू होतो. रोन लॅसलेट ही लंडनच्या पूर्व भागात जन्मलेली समाजसेविका नॉटिंग हिलमध्ये राहत असे. तिच्या घरी शेजारची मुले खेळावयास येत. १९६६ च्या मे महिन्यात मुष्टियोद्धा मुहम्मद अली तिच्या घरी मुलांना भेटून गेला. तिच्या भोवतालच्या गल्ल्यांतून आयरिश, स्पॅनिश, पोर्तुगीज, युक्रेनियन, आफ्रिकी आणि वेस्ट इंडियन कुटुंबे राहत होती. एकाच जिन्यावर भेटत, पण एकमेकांशी बोलत नसत. त्या सर्वांनी मुलांसाठी एकत्र यावे म्हणून तिने सप्टेंबर १९६६ मध्ये एक जत्रा भरवली. काही जुन्या लेखांत १९६५ साल आढळते. आता १९६६ हेच साल सामान्यतः धरले जाते. त्या जत्रेस तिने त्रिनिदादचा वादक रसेल हेंडरसन याच्या स्टील बँडला बोलावले. त्यात स्टर्लिंग बेटनकोर्ट होता, जो १९५१ च्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’साठी आलेल्या पहिल्या स्टील वाद्यवृंदातून लंडनलाच राहिला होता.

हे वादक मुलांपुढे वाजवत होते. जत्रेत आणखी रंग भरावा म्हणून हेंडरसनने वाद्ये गळ्यात अडकवून रस्त्याने चालावयास सुरुवात केली. मार्ग आखलेला नव्हता. मागून मुले निघाली, मुलांमागे आया निघाल्या, आणि खिडक्यांतून ओळखीचा सूर ऐकू आलेले वेस्ट इंडियन लोक जिने उतरून खाली आले. आठ वर्षांपूर्वी ज्या रस्त्यांवर दगडविटा पडल्या होत्या, त्याच रस्त्यांवरून ही मिरवणूक गेली.

या सणाचा जनक कोण, क्लॉडियाबाई की रोनबाई, हा वाद लंडनमध्ये अजून चालतो. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यात निवाडा देण्याची घाई करू नये असे मला वाटते. पहिल्या बाईंनी आपल्या लोकांना, आपला सण येथेही होऊ शकतो, हा विश्वास दिला. दुसरीने तो सण शेजाऱ्यांच्या मुलांमध्ये आणून सोडला. पहिल्या कामावाचून दुसऱ्यात कोणी सामील झाले नसते; दुसऱ्यावाचून पहिले सभागृहाच्या भिंतींतच राहिले असते.

पुढे हा सण वाढला. १९७३ पासून लेस्ली पामर या त्रिनिदादच्या तरुणाने त्याची नीट बांधणी केली. लंडनमध्येच वाढलेल्या मुलांना कॅलिप्सोपेक्षा जमैकाचे रेगे संगीत जवळचे होते. त्याने त्या संगीतालाही जागा दिली आणि गर्दी लाखांवर गेली. तिथी तर केव्हाच सुटली होती. ऑगस्टअखेरच्या सुट्टीचे रविवार-सोमवार ठरून गेले. १९७६ साली पोलीस आणि तरुण यांच्यात मोठी मारामारी झाली व शेकडो लोक जखमी झाले. उत्सव रस्त्यावरून काढून एखाद्या मैदानात न्यावा अशी सूचना पुढे आली. चालकांनी ती मानली नाही. मैदानात तिकीट काढून जावे लागते. रस्त्यावर दारातून खाली उतरले की झाले. रविवार हा मुलांचा आणि कुटुंबांचा, ही मूळची खूणही टिकली. २०२० आणि २०२१ साली महामारीमुळे रस्ते रिकामे राहिले, तेवढाच खंड. १४ जून २०१७ रोजी त्याच भागातील ग्रेनफेल मनोऱ्याच्या आगीत ७२ माणसे गेली. तेव्हापासून उत्सवाच्या गदारोळात दुपारी वाद्ये थांबवून त्यांच्यासाठी शांतता पाळतात. ज्या सणात शेजाऱ्याचे सुतक पाळले जाते, तो सण त्या गावचा झाला असे समजावे.

आता आपल्या घराकडे पाहू. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ साली निघाले. उत्तर अमेरिकेतील मंडळांचे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली. परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबाला पहिला आधार यांचाच असतो. तिकडे गणपती चतुर्थीला न बसता जवळच्या शनिवारी बसला तर येथील काही मंडळी नाक मुरडतात. त्यांना मी नॉटिंग हिलची तिथी दाखवीन. मुलाच्या शाळेच्या दिवशी आलेला सण मुलाला भेटत नाही, आणि मुलाला न भेटलेला सण एका पिढीत संपतो. मॉरिशसमध्ये एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर गेलेल्या आपल्या लोकांच्या घरांतून आज बहुधा क्रिओल भाषा ऐकू येते. तरी तेथे गणेशचतुर्थीला सरकारी सुट्टी आहे आणि मूर्ती समुद्रावर नेऊन विसर्जित होते. भाषा क्षीण झाली तरी मिरवणूक राहिली, कारण तिच्यात मुले होती.

परंतु आपल्या परदेशस्थ मंडळांचा इतिहास अजून बहुतांशी सभागृहाचा इतिहास आहे. सभागृह वाईट नव्हे. क्लॉडियाबाईंचीही सुरुवात तेथेच झाली. मात्र तेथेच थांबले तर मुलांना असे वाटू लागते की, सण म्हणजे दार लावून करावयाची गोष्ट आहे, आणि वर्गातल्या मित्राला तिकडे नेता येत नाही. ज्या दिवशी ते मूल मित्राला घेऊन येईल, त्या दिवशी परमुलखातला सण पुरा झाला.

शेवटी एक प्रश्न विचारून थांबतो. परमुलूख केवळ सातासमुद्रापलीकडे नसतो. कोकणातून मुंबईत आलेल्या गिरणीकामगाराला परळ-लालबाग हा परमुलूखच होता. त्याने तेथे आपले भजन आणि आपला गणपती उभा केला. आज आपल्या गावात इमारतीवर विटा वाहणारी, हॉटेलात राबणारी, दूरदूरच्या प्रांतांतून आलेली कुटुंबे आहेत. त्यांची मुले आपल्या मांडवाच्या कडेला उभी राहून आत पाहत असतात. लंडनमध्ये अशाच मुलांकरिता एका बाईने जत्रा भरवली आणि तिचा एवढा वृक्ष झाला. आपल्याकडे त्या मुलांना आत बोलावून प्रसाद देण्याचे काम कोणी करतो काय? उत्तर मला देऊ नका. येत्या भाद्रपदात आपापल्या मांडवापाशी द्या.