कुंभकोणमचा रथ आणि जुन्या गाडीचे सस्पेन्शन: दुरुस्तीच्या इतिहासावरील एक टिपण

लाखभर किलोमीटर धावलेली एखादी मोठी, एकेकाळी महाग असलेली सेडान तुमच्या ओळखीत कुणाकडे असेल, तर तिच्या मालकाची तक्रार तुम्ही ऐकली असेल. गाडी खड्ड्यात आदळते, पुढून खडखड येते, वळणावर अंग टाकते. गॅरेजवाला खाली वाकून बघतो आणि सांगतो, शॉकअप गेले, लोअर आर्मचे बुश फाटले, पाटे बसले. मग प्रश्न येतो की जसे होते तसेच नवे टाकायचे, की या संधीत काही 'चांगले' बसवायचे? हा प्रश्न मोटारीइतकाच जुना आहे असे आपल्याला वाटते. तो मोटारीपेक्षा बराच जुना आहे, आणि तो समजून घ्यायला कावेरीकाठचे कुंभकोणम हे फार सोयीचे गाव आहे.

कुंभकोणम तंजावर जिल्ह्यात आहे. 1676 च्या सुमारास व्यंकोजी भोसल्यांनी तंजावर घेतले तेव्हापासून 1855 मध्ये ते राज्य खालसा होईपर्यंत या मुलखावर मराठ्यांचे राज्य किंवा निदान नाव होते. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तिन्ही संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव 1828 मध्ये याच गावी एका मराठी भाषिक घरात जन्मले. म्हणजे ज्या वाहनाबद्दल आपण बोलणार आहोत ते रस्त्याने जाताना मराठी माणसांनी पिढ्यान् पिढ्या पाहिले आहे.

ते वाहन म्हणजे देवाचा रथ. तमिळमध्ये त्याला 'तेर' म्हणतात. कुंभकोणमच्या शार्ङ्गपाणी मंदिराचा तेर तमिळनाडूतील सर्वांत मोठ्या रथांपैकी एक समजला जातो. तिरुवारूर आणि श्रीविल्लीपुत्तूर यांच्यानंतर त्याचा क्रमांक लावतात. या गावाला रथाचे इतके वेड आहे की मंदिराचा गाभाराच घोडे, हत्ती आणि चाके कोरून रथासारखा केला आहे. तिरुमंगै आळ्वारांनी या देवावर रचलेले 'तिरुवेळुकूट्रिरुक्कै' हे काव्य अक्षरांच्या मांडणीने रथाचा आकार घेते. गावालगतच्या दारासुरमला दुसऱ्या राजराज चोळाने बाराव्या शतकात बांधलेल्या ऐरावतेश्वर मंदिराचा पुढचा मंडपही चाके आणि घोडे जोडलेला दगडी रथ आहे. दगडी रथाला अर्थात दुरुस्तीची फारशी चिंता नसते. आपला विषय लाकडी रथाचा आहे, कारण तो खरोखर चालतो.

आधी त्याची बांधणी समजून घ्या. खालचा भाग सागवान, मोह, बिबला अशा लाकडांचा असतो. तो कोरीव आणि प्रचंड जड असतो आणि वर्षानुवर्षे तोच राहतो. वरचा भाग बांबू, दोर आणि रंगीत कापडाचा असतो. तो दर उत्सवाला बांधून नंतर उतरवतात. तिरुवारूरचा रथ सजवल्यावर सुमारे 96 फूट उंच होतो आणि त्याचे वजन 300 टनांच्या घरात सांगितले जाते. या सगळ्याखाली चाके आणि आस आहेत. पाटा नाही, स्प्रिंग नाही, वळवायला सुकाणू नाही.

स्प्रिंग नसण्यात कारागिरांचे अज्ञान नव्हते. उंच, वरून जड असे वाहन मऊ स्प्रिंगवर ठेवले तर ते डोलू लागेल, आणि एवढे वजन एका बाजूला कलले की सावरणार नाही. त्यामुळे रथाचा खालचा भाग ताठ आणि वरचा लवचिक असतो. दोरांनी बांधलेला बांबूचा सांगाडा डुलतो, पण मोडत नाही. देवाला खरोखर हळुवार न्यायचे असते तेव्हा पालखी असते. तिथे वाकणारा दांडा आणि भोयांचे गुडघे हेच सस्पेन्शन. युरोपातही आधी गाडीचा सांगाडा चामड्याच्या पट्ट्यांवर टांगत असत. लंबवर्तुळाकार पोलादी पाट्यांचे पेटंट लंडनच्या ओबडाया एलियटने घेतले ते 1804 मध्ये. त्याच काळात तंजावरात दुसरे सरफोजीराजे गादीवर होते.

आता रथ चालतो कसा ते पाहू. पुढे जाड दोर, ते ओढणारी शेकडो माणसे आणि मागून चाकाला रेटा देणाऱ्या लाकडी तरफा. पण सगळ्यांत महत्त्वाची माणसे चाकाशेजारी चालत असतात. त्यांच्या हातात लाकडाची पाचर असते. आपले ट्रकवाले चाकाला उटी लावतात, तसलाच प्रकार. तमिळमध्ये तिला 'मुट्टुक्कट्टै' म्हणतात. रथ थांबवायचा तर ती चाकाखाली सरळ टाकायची, थोडा वळवायचा तर तिरकी. ब्रेक तीच आणि सुकाणूही तीच. मंदिराभोवतीच्या चार रस्त्यांना चार काटकोनी वळणे असतात आणि प्रत्येक वळणावर या माणसांना फिरत्या चाकाच्या अगदी जवळ हात न्यावा लागतो. तमिळ भाषेत 'मुट्टुक्कट्टै टाकणे' म्हणजे एखाद्या कामात खोडा घालणे असा वाक्प्रचार झाला आहे. भाषेने त्या माणसाला खोडसाळ ठरवले, प्रत्यक्षात तो गर्दीचा जीव वाचवत होता.

इथे एक ढोबळ गणित करू. गणित माझे आहे, कुठल्याही विशिष्ट रथाचे मोजमाप नाही. रथाचे वजन 100 टन धरा. लाकडी चाके, मातीचा रस्ता, कोरडी आस अशा अवस्थेत तो चालू ठेवायला वजनाच्या 5 टक्के, म्हणजे 5 टन ओढ लागते असे समजा. एक माणूस दोराला सतत 20 किलो ओढ देतो असे धरले तर 250 माणसे हवीत, आणि उभा रथ हलवायला त्याहून बरीच जास्त. आता तोच रथ लोखंडी चाकांवर आणि डांबरी रस्त्यावर आणा. ओढ दीड टक्क्यावर आली तर 75 माणसांत काम होते. सुधारणा झाली, असे आपण म्हणू.

पण रस्त्याला 50 फुटांत 1 फूट असा उतार असेल तर? 100 टनांचा रथ उताराच्या दिशेने 2 टन जोर लावतो. जुना रथ 5 टनांचा अडथळा असल्यामुळे जागचा हलत नाही. नव्या रथाला अडवायला दीड टनच आहे. तो आपोआप चालू लागतो. म्हणजे चाक सुधारले आणि तेवढ्याने रथ धोकादायक झाला. आधी घर्षण हाच ब्रेक होता, तो आपण काढून घेतला. मोटारीचेही असेच असते. केवळ कडक स्प्रिंग टाकले आणि शॉकअप जुनेच ठेवले, तर गाडी उसळत राहते, कारण त्या स्प्रिंगची उसळी जिरवायची ताकद जुन्या शॉकअपमध्ये नसते. एक भाग बदलला की त्याच्या शेजाऱ्याचा हिशेब पुन्हा करावा लागतो.

मग चाके बदलायची गरज का पडली? याचे उत्तर यंत्रशास्त्रात कमी आणि समाजाच्या इतिहासात जास्त आहे. मोठा रथ ओढायला लागणारी माणसे नेहमी भक्तीनेच येत होती असे समजू नका. मद्रास इलाख्यात 1817 च्या सातव्या रेग्युलेशनने कंपनी सरकारने देवस्थानांवर देखरेख घेतली, आणि रथोत्सवासाठी गावोगावची माणसे सरकारी हुकमाने आणली जात. आपल्याकडे याला वेठ म्हणतात. 1830 च्या दशकात मिशनऱ्यांनी याविरुद्ध ओरड केली. देवळांच्या समारंभांतील सरकारी सहभागाच्या वादातूनच मद्रासचे सेनापती सर पेरेग्रिन मेटलंड यांनी 1838 मध्ये पद सोडले. मिशनऱ्यांचा हेतू धर्माचा होता हे उघड आहे, पण दोराला जुंपलेल्या कुळाची तक्रार त्यामुळे खोटी ठरत नाही. पुढे सरकारने अंग काढून घेतले, वेठ ओसरली, आणि शेकडो माणसांच्या हिशेबाने बांधलेल्या रथांना तेवढी माणसे हुकमी मिळेनाशी झाली. माझ्या मते अनेक मोठे रथ जागच्या जागी उभे राहण्याचे हे एक मोठे कारण आहे. खुद्द तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराचा रथोत्सव सुमारे शंभर वर्षांच्या खंडानंतर 2015 मध्ये पुन्हा सुरू झाला, तोही नव्या रथाने.

उभा राहिलेला रथ चालत्या रथापेक्षा लवकर खराब होतो. एक गंमत पाहा. रथाचा मार्ग दीड किलोमीटरचा धरला, तर शंभर वर्षे दरसाल निघालेला रथ एकूण 150 किलोमीटर चालतो. एवढे अंतर मोटार सकाळच्या चहापासून जेवणापर्यंत कापते. तरीही तो रथ 'खूप चाललेला' असतो, कारण त्याला झिजवते ते ऊन, पाऊस, वाळवी आणि एकाच जागी वर्षभर पडणारा भार. जुनी गाडी घेताना हे लक्षात ठेवा. मीटरवर आकडा कमी असला तरी रबरी बुश वयानेच तडकतात. पुरीला हा प्रश्न येत नाही, कारण तिथे 16, 14 आणि 12 चाकांचे तिन्ही रथ दरवर्षी नवे बांधतात. कावेरीकाठच्या लोकांनी जुना रथ जपायचे ठरवले, म्हणून त्यांना दुरुस्तीची विद्या शिकावी लागली.

ती विद्या विसाव्या शतकात एका अनपेक्षित ठिकाणाहून आली. 1965 मध्ये तिरुचिरापल्लीला 'भेल' या सरकारी कंपनीचा बॉयलरचा कारखाना सुरू झाला. औष्णिक वीजकेंद्रांसाठी जाड पोलाद वाकवणे आणि जोडणे हे तिथले रोजचे काम. तिरुवारूरचा रथ बरीच वर्षे बंद होता, तो 1970 मध्ये पुन्हा निघाला. या रथाला 'भेल'ने लोखंडी चाके, आस आणि हायड्रॉलिक ब्रेक करून दिले, आणि पुढे तमिळनाडूतील इतर मोठ्या रथांसाठीही हीच वाट चोखाळली गेली. हायड्रॉलिक ब्रेकचे तत्त्व तुमच्या गाडीतलेच आहे. तेलावर दाब द्यायचा, तो दाब नळीतून चाकाजवळच्या दट्ट्यापर्यंत जातो आणि चाक आवळले जाते. चाके आणि ब्रेक दोन्ही बदलले, हे इथे महत्त्वाचे. आपल्या गणितातला उतार त्या अभियंत्यांच्या ध्यानात होता.

पाचरीची माणसे मात्र घरी गेली नाहीत. ब्रेक रथ थांबवतो, वळवत नाही. त्यामुळे वळणावर चाकाखाली ग्रीस फासलेले लोखंडी पत्रे सरकवून रथ फिरवणे आणि पाचर मारून दिशा सावरणे अजून हातानेच होते.

अशा बदलाला काय म्हणायचे, मूळ वस्तू भ्रष्ट केली की वाचवली? मोटारींच्या इतिहासातील एक उदाहरण इथे उपयोगी आहे. 1957 मध्ये कॅडिलॅकने एल्डोराडो ब्रोअॅम ही अतिशय महाग सेडान काढली. तिला पोलादी स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्यांचे सस्पेन्शन होते. काही वर्षांत हवा गळू लागली, गाड्या रात्रीत खाली बसू लागल्या, आणि बहुतेक मालकांनी साधे कॉइल स्प्रिंग बसवून घेतले. पुढे 1998 च्या मर्सिडीज एस-क्लासला एअर सस्पेन्शन आले. त्या गाड्या जुन्या झाल्यावर काही मालकांनी तोच मार्ग धरला. गंमत अशी की आता ब्रोअॅमचे संग्राहक मूळ हवेचे सस्पेन्शन परत बसवण्यासाठी धडपडतात. रोज चालवणाऱ्याला गाडी चालायला हवी असते, संग्राहकाला ती मूळ रूपात हवी असते, आणि दोघेही तिला 'दुरुस्ती'च म्हणतात. आपल्याकडील अॅम्बॅसेडर या पेचात फारशी सापडली नाही. पुढे टॉर्शन बार आणि मागे पाटे, जे 1957 मध्ये होते ते कुठलाही लोहार समजू शके, आणि 2014 मध्ये उत्पादन थांबल्यावरही ती गावोगावी दुरुस्त होत राहिली.

रथाच्या बाबतीत हा वाद वेगळ्या पद्धतीने सुटला आहे. चाक आणि आस बदलली तरी रथ तोच मानतात. कोरीव लाकडी भाग बदलायचा झाला तर मात्र स्थपतीला बोलावतात आणि जुन्या फळीवरून नवी कोरून घेतात. म्हणजे लोकांनी वाहनाचे दोन भाग मनात वेगळे केले आहेत. एक झिजण्यासाठी, एक टिकण्यासाठी. मला ही विभागणी शहाणपणाची वाटते, पण तिच्यात एक त्रुटी आहे. लोखंडी चाक काँक्रीटच्या रस्त्यावरून जाताना प्रत्येक सांध्याचा धक्का सरळ वरच्या जुन्या लाकडात पाठवते. पूर्वी त्यातला काही भाग मऊ माती आणि लाकडी चाक गिळत असे. टिकाऊ भागाची झीज त्यामुळे वाढत असणार. ते मोजायचे तर दरवर्षी उत्सवाआधी आणि नंतर सांध्यांतली फट मोजून नोंदवावी लागेल.

आणि धोका नेहमी चाकातूनच येतो असेही नाही. 27 एप्रिल 2022 च्या पहाटे तंजावरजवळच्या कळिमेडू गावात देवाच्या रथाचा वरचा भाग उच्च दाबाच्या वीजवाहिनीला लागला आणि 11 माणसे मेली, त्यांत मुलेही होती. तो रथ तिरुवारूरसारखा अवाढव्य नव्हता. रथ बांधण्याची पद्धत ठरली तेव्हा रस्त्यावर तारा नव्हत्या. उत्सवाच्या वेळी मार्गावरची वीज बंद करणे, तारा उतरवणे किंवा जमिनीखालून नेणे आणि रथाची उंची आधी मोजणे ही कामे आता रथाच्या देखभालीतच धरावी लागतात. तुम्ही कधी उत्सवाच्या सकाळी कुंभकोणमला गेलात तर दोराकडे बघून झाल्यावर चाकाशी चालणाऱ्या, हातात पाचर घेतलेल्या माणसाकडे बघा, आणि मग मान वर करून तारांकडेही.