देवी आल्या, देवी काढल्या

आपल्या भाषेने रोगाला देवी म्हटले आणि त्याच्यावरच्या टोचणीलाही देवीच म्हटले. ‘देवी आल्या’ म्हणजे घरावर अवकळा. ‘देवी काढल्या’ म्हणजे पोर वाचले. माझ्या सातवीच्या वर्गातल्या मुलांना यातला एकही वाक्प्रचार ठाऊक नाही. कांजिण्या तेवढ्या त्यांना माहीत.

या दोहोंत जुन्या बायका बरोबर फरक करीत. कांजिण्यांचे फोड छातीपाठीवर अधिक, आणि एकाच वेळी काही कोवळे, काही सुकलेले. देवीचे तसे नव्हे. आधी दोनतीन दिवस सणकून ताप, डोके आणि कंबर ठणके; मग तोंडावर, हातापायांवर, अगदी तळहातातळव्यांवरही पुरळ उठे. एका अंगावरचे सारे फोड एकाच अवस्थेत असत. ते पाण्याने भरत, मग पुवाने. दुसऱ्या आठवड्याअखेर खपल्या धरत आणि खपली पडली तिथे वण राही. टोचणी न झालेल्या दहांतले तीन दगावत. कित्येकांचे डोळे जात.

रोग पसरे तो रोग्याच्या श्वासातून, जवळच्या माणसाला, अंथरुणापांघरुणातूनही. शरीरात शिरल्यावर सुमारे बारा दिवस तो गुपचूप बसे. आपल्या किनाऱ्याच्या दृष्टीने हे बारा दिवस महत्त्वाचे. मुंबईत लागण झालेला चाकरमानी धडधाकट आगबोटीत चढे, विजयदुर्गाच्या बंदरात उतरे, पाहुणचार घेई आणि मग आजारी पडे. देवीचा जोर हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत, कोरड्या हवेत. बंगालीत तर या रोगाला ‘बसंत’च म्हणतात. आणि आमचा चाकरमानी घरी येई तोही शिमग्याला नि मे महिन्यात. पावसाळ्यात आगबोटी बंद, तेव्हा देवीलाही उसंत.

उपायही मुंबईच्याच वाटेने आला. इंग्लंडात जेन्नरने १७९६ साली गोस्तनदेवीची लस टोचून पाहिली होती. ती लस व्हिएन्ना, बगदाद, बसरा अशी मजल करीत मुंबईस पोचली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. हिंदुस्थानातली ही पहिली यशस्वी टोचणी. तिच्या दंडावरच्या फोडातली लस पुढच्या पोरांना, त्यांच्याकडून आणखी पुढे, अशी ती पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रासपर्यंत गेली. एकाच्या दंडातले दुसऱ्याच्या दंडात! सोवळ्याओवळ्याच्या समाजाला हे कसे रुचावे? पुढे वासरावर तयार केलेली लस आली, १८८० साली कायदा आला, तरी भीती राहिलीच. टोचण्याचे ते दातेरी चक्र कातडीवर दाबून फिरवीत. पोर किंचाळे, दोन दिवस तापे. आईबापांना मूर्ख ठरवणे सोपे आहे. मला ते जमत नाही.

कारण माझ्या आजीच्या घरी तेच झाले. देवी काढणारा आला तेव्हा तिच्या वडिलांनी एकुलत्या मुलाला माळ्यावर कणगीमागे दडवले. मुलींची काळजी तेवढी नव्हती. आजी अंगणात खेळत होती, तिला धरून टोचले. पुढल्याच शिमग्यानंतर गावात देवी आल्या. घरात फोडणी बंद झाली, दाराला कडुलिंबाचे डहाळे लागले, सारे दबक्या आवाजात बोलू लागले. भावाच्या उशाशी आजी रात्रंदिवस बसली आणि तिला काही झाले नाही. नवव्या दिवशी तो गेला. म्हातारपणी ती एवढेच म्हणे, ‘तो लपलो नि मी गावलंय.’ वडिलांना मात्र तिने कधी बोल लावला नाही.

१९७४ साली देशात १ लाख ८८ हजारांवर लोकांना देवी आल्या, ३१ हजारांवर मेले. तेव्हा मोहिमेने घरोघर शोध घेतला, रोग्याभोवतीच्या प्रत्येकाला टोचले, रोगी दाखवणाऱ्यास बक्षीस लावले. ते पुढे हजार रुपयांपर्यंत गेले. मे १९७५ मध्ये शेवटचा रोगी सापडला. हा रोग माणसावाचून दुसऱ्या प्राण्यात राहत नाही, म्हणून तो संपू शकला. १९८० साली जग देवीमुक्त जाहीर झाले.

आईच्या दंडावर दोन गोल वण आहेत. माझा दंड कोरा आहे. परवा आई शाळेत आली होती, तेव्हा एका मुलीने त्या वणांवर बोट ठेवून विचारले, ‘आजी, तुमका हय भाजला काय?’