तर्काचे दोन वारस



माझ्या विद्यार्थिदशेत गणित घेतले की तत्त्वज्ञान सुटत असे. ही भिंत मला तेव्हा स्वाभाविक वाटली. इतिहासाने मात्र ती कधीच मानली नव्हती, हे आज हातोदच्या या शाळेत मला सांगावयाचे आहे.

जॉर्ज बूल यांनी १८५४ साली विचारांचे नियम बीजगणिताच्या भाषेत मांडले. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात क्लॉड शॅनन विद्युत अभियांत्रिकी आणि गणित शिकत होते. परंतु बूल यांच्या तर्काशी त्यांची गाठ पडली ती तत्त्वज्ञानाच्या वर्गात. विद्युत्मंडलातील कळ मिटणे वा उघडणे हे विधानाच्या सत्यासत्यतेप्रमाणेच मांडता येते, असे त्यांनी १९३७ च्या आपल्या प्रबंधात दाखविले. आजच्या संगणकाचा पाया तो हाच. ॲलन ट्यूरिंग यांनी यंत्राच्या विचारशक्तीचा प्रश्न १९५० साली उपस्थित केला, तोही 'माइंड' या तत्त्वज्ञानाच्या त्रैमासिकात. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या 'टिफ्रॅक' संगणकाच्या उभारणीचे नेतृत्व करणारे आर. नरसिंहन हेही पुढे भाषाव्यवहाराच्या चिंतनाकडे वळले.

आपल्याकडे भीमाचार्य झळकीकर यांनी 'न्यायकोश' सिद्ध केला. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी संस्कारिलेली त्याची आवृत्ती १९२८ साली पुण्याच्या भांडारकर संस्थेने प्रसिद्ध केली. न्यायशास्त्राचे नित्याचे उदाहरण आपण जाणता: पर्वतावर धूर आहे, म्हणून तेथे अग्नी आहे, जसे स्वयंपाकघरात. परंतु नैयायिक एवढ्यावर थांबत नाही. दिसतो तो धूरच आहे, की धुके, असेही तो विचारतो.

माझ्या मते दोन्ही विद्यांचा संबंध येथे आहे. धुक्याला धूर म्हणून यंत्राच्या स्वाधीन केले, तर ते निर्दोष गणिताने नसलेला अग्नी सिद्ध करील. आज कर्ज कोणास द्यावे, नोकरीसाठी कोणास बोलवावे, अशा निर्णयांत संगणकाचा कौल घेतला जातो. तेथे हेतू तपासणारा कोणी नसेल, तर अन्याय बिनचूक हिशोबाने होईल.

ऑक्सफर्ड विद्यापीठाने संगणकशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांचा संयुक्त अभ्यासक्रम २०१२ साली सुरू केला. आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०२२ साली एकाच वेळी दोन पदव्यांचे शिक्षण घेण्यास अनुमती दिली. भिंतीत दार झाले आहे. त्यातून जाण्याचे धैर्य तुमच्यापैकी एखाद्याने जरी दाखविले, तरी ज्यांच्या स्मृत्यर्थ आपण जमलो त्यांचे ऋण अंशतः फिटेल.