दोन ते आठचे इंटरनेट

यूटोरंट नावाच्या डाउनलोडच्या प्रोग्राममध्ये वेळापत्रकाचा एक तक्ता असे. एका बाजूला सात वार, दुसऱ्या बाजूला चोवीस तास आणि मध्ये १६८ बारके चौकोन. हिरवा चौकोन म्हणजे त्या तासाला डाउनलोड चालू, पांढरा म्हणजे बंद. बीएसएनएलचे ‘नाइट अनलिमिटेड’ ब्रॉडबँड घेतलेल्या घरांत हा तक्ता एकाच रीतीने रंगवला जाई. रात्री दोन ते सकाळी आठ हे सहा तास हिरवे, बाकी दिवस पांढरा. त्या सहा तासांत मीटर पडत नसे, म्हणून. कोणी दोनला पाच मिनिटे असताना गजर लावी, कोणी खबरदारी म्हणून मोडेम बंद करून दोननंतर पुन्हा चालू करी. नळाला अवेळी पाणी येणाऱ्या वस्तीत हंडे-कळश्या जशा आदल्या रात्रीच मोरीत मांडून ठेवतात, तशीच ही तयारी. आपल्याकडच्या व्हिडिओ गेमचा इतिहास बहुधा यंत्रांच्या क्रमाने सांगितला जातो: आधी टीव्हीला जोडायचे कार्ट्रिजवाले खेळ, मग संगणक, मग मोबाइल. हाच इतिहास इंटरनेटच्या मीटरच्या क्रमाने मांडला तर वेगळीच गोष्ट हाती लागते. भारतीय खेळाडूने कोणता खेळ खेळावा, कुठे बसून खेळावा आणि किती वाजता, हे त्याच्या आवडीइतकेच त्याच्या बिलाच्या पद्धतीने ठरवले. मजेची गोष्ट अशी की प्रत्यक्ष खेळण्याला या मीटरचा फारसा चटका बसला नाही. त्याने अडवले ते खेळाच्या दारातच.

पहिला मीटर तासांचा होता. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा हजारांच्या घरात रक्कम मोजून ग्राहकाला २५० तास मिळत. ते वर्षभर पुरवायचे म्हटले तर दिवसाला ४१ मिनिटे होतात. शिवाय जोडणी टेलिफोनच्या तारेवरून, म्हणजे इंटरनेटचा काटा फिरत असताना फोनच्या पल्सचा दुसरा काटाही फिरतच असे. दोन-दोन मीटर डोक्यावर घेऊन कोणी निवांत खेळत बसेल, हे शक्य नव्हते. १९९८च्या अखेरीस खासगी कंपन्यांना परवाने मिळाले, दर उतरले, आणि गल्लोगल्ली सायबर कॅफे उघडले. कॅफेने महागडी जोडणी दहा-वीस गिऱ्हाइकांत वाटून परवडण्याजोगी केली, हे सगळे जाणतातच. खेळाच्या दृष्टीने मात्र त्याहून मोठी गोष्ट घडली ती लॅनमुळे. एकाच खोलीतले संगणक आपसांत तारेने जोडले की त्यांच्यातली देवाणघेवाण खोलीबाहेर जातच नाही, आणि जी बाहेर जात नाही तिच्यावर मीटरही नाही. कॅफेत तासाला वीस-तीस रुपये देणारा मुलगा पैसे देत होता ते खुर्चीचे आणि संगणकाचे. त्याच्या बंदुकीतून सुटणारी गोळी शेजारच्या केबिनमध्ये फुकट पोहोचत होती.

‘काउंटर-स्ट्राइक’ हा खेळ भारतात एवढा का रुजला, याचे निम्मे उत्तर इथे आहे. तो उत्तम खेळ होता यात वाद नाही. पण उत्तम खेळ इतरही होते. हा लॅनवर चालत असे, जुन्या यंत्रावर चालत असे, आणि एकदा कॉपी केला की पुन्हा इंटरनेटचे तोंड पाहावे लागत नसे. त्याची १.६ ही आवृत्ती २००३ची. पुढे नव्या आवृत्त्या आल्या, जग पुढे सरकले, तरी आपल्याकडच्या कॅफेंत ‘वन पॉइंट सिक्स’च बराच काळ ठाण मांडून होता. ‘डोटा’चेही तसेच. हा मुळात ‘वॉरक्राफ्ट ३’वर बसवलेला हौशी नकाशा. नवी आवृत्ती आली की उतरवायची ती काही एमबींची एकच फाइल, आणि ती पेन ड्राइव्हवरून या हॉस्टेलमधून त्या हॉस्टेलमध्ये संध्याकाळपर्यंत पोहोचे. दक्षिण कोरियाशी तुलना केली तर फरक स्पष्ट होतो. तिथेही नव्वदीच्या अखेरीस ‘स्टारक्राफ्ट’ वाढला तो पीसी बांग म्हणजे गेमिंग कॅफेंतच. पण तिथे घरोघरी आलेले ब्रॉडबँड ठरावीक मासिक दराचे होते, त्यामुळे कॅफेतून उठलेला खेळाडू घरी जाऊन तोच खेळ पुढे खेळू शके. आपला खेळाडू कॅफेतून उठला की त्याचा खेळ तिथेच राही.

घरी जे लागे, त्याची सोय मासिकांनी केली. तेव्हा मुंबईहून निघणारे ‘डिजिट’ आणि त्याची ‘स्कोअर’ ही खेळांची पुरवणी वाचणाऱ्यांना आठवेल की अंकाइतकीच ओढ त्यासोबतच्या चकतीची असे. तिच्यात खेळांचे डेमो असत, ग्राफिक कार्डांचे ड्रायव्हर असत आणि मुख्य म्हणजे पॅच असत. पॅच म्हणजे खेळातल्या चुका सुधारणारी फाइल. परदेशातल्या खेळाडूला ती घरबसल्या उतरवता येई. इथे ती महिन्याच्या महिन्याला पेपरवाल्याच्या स्टॉलवर येई. इंटरनेटवरून जाण्यासाठीच बनलेली वस्तू टपालाने आणि मालगाडीने प्रवास करत होती, कारण तो रस्ता स्वस्त होता.

दुसरा मीटर एमबींचा. ऑक्टोबर २००४मध्ये केंद्राचे ब्रॉडबँड धोरण आले. २५६ केबीपीएस आणि त्यावरचा वेग म्हणजे ब्रॉडबँड, अशी व्याख्या ठरली, आणि जानेवारी २००५मध्ये बीएसएनएलचे डेटावन सुरू झाले. सुरुवातीच्या वर्षांत त्यातल्या स्वस्त, अडीचशे रुपयांच्या योजनेत महिन्याला ४०० एमबी मिळत. त्यापुढच्या प्रत्येक एमबीला वेगळे पैसे. इथे थोडे गणित करावे. २५६ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ३२ केबी. या वेगाने ४०० एमबी संपायला लागतात साडेतीन तास. महिनाभराचा शिधा एका दुपारी उडवता येईल, अशी ही वाटणी होती. आता दुसरी बाजू. २००२ साली अमेरिकी संशोधकांनी एका गजबजलेल्या काउंटर-स्ट्राइक सर्व्हरवरची वाहतूक मोजली, तेव्हा दर खेळाडूमागे सेकंदाला सुमारे ४० किलोबिट भरले. खेळ बनवला होताच असा की ५६ केच्या मोडेमवरही तो चालावा. म्हणजे तासाला १८ एमबी. या हिशेबाने ४०० एमबीमध्ये २२ तासांचा खेळ बसतो. खेळणे असे किफायतशीर. पण खेळ घरात आणणे, तो अद्ययावत ठेवणे, त्याचा डेमो पाहणे यांतल्या एकेका गोष्टीत महिन्याचा कोटा गडप होई. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, तशातला हा प्रकार. रात्रीच्या सहा तासांत मात्र तार अखंड चालली तर ६७५ एमबी येत, जवळजवळ एका सीडीइतके. डीव्हीडीभर खेळासाठी सात रात्री. हिरव्या चौकोनांचा तक्ता या गणितातून निघाला होता.

यावर पहिला आक्षेप असा येईल की मीटरला एवढे महत्त्व कशाला? संगणकच महाग, वीज बेभरवशाची, वेग गोगलगाईचा; डेटा अमर्याद दिला असता तरी कितीजण खेळले असते? आणि रात्री जागणे हा तर तरुणांचा जुना धर्म. मार्च २००७मध्ये पवईच्या आयआयटीने वसतिगृहांतले इंटरनेट रात्री अकरापासून दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबारापर्यंत बंद ठेवायचे ठरवले, ते मुले रात्रभर खेळतात-भटकतात आणि सकाळी तासांना येत नाहीत म्हणून. त्या मुलांच्या डोक्यावर कुठला एमबींचा मीटर नव्हता. हा आक्षेप अर्धा मान्य करायला हवा. किती जणांनी खेळावे, हे संगणकाच्या किमतीनेच ठरवले. पण ज्यांच्या घरी संगणक होता, तारही होती, त्यांनी काय खेळावे हे त्या किमतीने ठरत नव्हते. पवईतला मुलगा रात्री खेळत होता. मीटरवाल्या घरातला मुलगा रात्री फक्त उतरवून घेत होता, तेही बहुधा झोपेत, आणि खेळत होता दुसऱ्या दिवशी एकटाच, इंटरनेटशिवाय. ‘जीटीए व्हाइस सिटी’सारखे एकट्याने खेळायचे खेळ आपल्याकडे घरोघरी पोहोचले आणि सगळ्यांनी मिळून खेळायचे खेळ कॅफेतच राहिले, ही विभागणी संगणकाच्या किमतीतून उलगडत नाही. ती बिलातून उलगडते.

दुसरा आक्षेप न्यायाचा आहे. जो जास्त वापरील त्याने जास्त भरावे. विजेला मीटर चालतो, पाण्याला चालतो, मग इंटरनेटला का नको? वाचायला हे चोख वाटते. पण विजेच्या प्रत्येक युनिटमागे कोळसा जळतो. तार एकदा अंथरली की तिच्यातून पहाटे तीनला काही गेले काय आणि नाही गेले काय, खर्च तोच. समुद्राखालच्या केबलवरची जागा त्या काळी खरोखर महाग होती, हे मान्य. पण कंपन्या ती घेत होत्या वेगाच्या मापाने, महिन्याच्या एकूण जीबींच्या मापाने नव्हे. खर्च वाढतो तो संध्याकाळी, सगळे एकदम आले की. हे कंपन्यांनाही ठाऊक होते. रात्रीची मोकळीक ही त्याचीच कबुली होती. मग खेळाडू दोषी कुठे ठरतो? ऐन गर्दीत तो तासाला १८ एमबी घेतो, आणि त्याचे अवजड सामान कोणत्याही वेळी येऊन पडले तरी त्याची हरकत नसते. ऑस्ट्रेलियातही कोट्याचे इंटरनेट होते, पण तिथल्या टेल्स्ट्रा, इंटरनोड अशा कंपन्यांनी पॅच आणि डेमो आपल्याच सर्व्हरवर आणून ठेवले आणि त्यांच्यावरचा मीटर बंद केला. ही वाट आपल्याकडे वेळीच कोणी मोठ्या प्रमाणावर धरली नाही, आणि ८ फेब्रुवारी २०१६ला दूरसंचार नियामक ट्रायने मजकूर पाहून वेगवेगळे दर लावायला बंदी घातली, तेव्हा ती बंदच झाली. बंदी योग्यच होती. नाहीतर ज्याची तिजोरी मोठी त्याचाच खेळ फुकट, असे झाले असते. पण त्यामुळे इलाज एकच उरला, मीटरच सैल करण्याचा.

घरगुती तारेवर तो सैल झाला एफयूपीच्या रूपाने. ठरावीक जीबी संपले की पैसे वाढत नसत, वेग पडत असे. आणि तो इतका पडू लागला की २०१६मध्ये ट्रायला ५१२ केबीपीएसच्या खाली जाऊ नका, असे बजावावे लागले. खरी उलथापालथ मोबाइलवर झाली. ५ सप्टेंबर २०१६ला जिओ सुरू झाले. ट्रायच्या आकड्यांनुसार मोबाइलवरच्या एका जीबीला २०१४मध्ये ग्राहकाला सरासरी २६९ रुपये पडत. २०१८मध्ये ११ रुपये ७८ पैसे. त्याच २०१८च्या मार्चमध्ये ‘पबजी मोबाइल’ आला आणि पुढच्या वर्षापर्यंत तो शाळांच्या पालकसभांत पोहोचला. फोनच्या किमती काही वीस-बावीस पटींनी उतरल्या नव्हत्या. उतरला होता डेटा. सप्टेंबर २०२०मध्ये पबजीवर बंदी आली, २०२१मध्ये ‘बीजीएमआय’ या नावाने तो परतला, फेब्रुवारी २०२२मध्ये ‘फ्री फायर’ गेला. पण खेळणाऱ्यांची गर्दी मोबाइलवरून हलली नाही.

मग मीटरची गोष्ट इथे संपली का? स्वस्ताई आली, आता कोट्याचे रडगाणे कशाला, असे कोणीही म्हणेल. पण तिसरा मीटर दिवसाचा आहे. रोज दीड जीबी, ती संपली की वेग ६४ केबीपीएसवर, आणि मध्यरात्री बारा वाजता पुन्हा नवा शिधा. या मापात काय बसते ते पाहावे. पबजीचा मोबाइल अवतार एक-दोन दिवसांच्या कोट्यात उतरवता येई. फ्री फायर त्याहून हलका. संगणकावरचे आणि कन्सोलवरचे मोठे खेळ आज १०० जीबींच्या घरात असतात. रोज दीड जीबी या हिशेबाने तो एक खेळ उतरवायला ६७ दिवस लागतील, तेही दुसरे काहीच न पाहता. ज्या घरात फायबर आहे, तिथे महिन्याची मर्यादा ३,३०० जीबींची आणि वेग १०० एमबीपीएसचा. तोच खेळ सव्वादोन तासांत येतो. भारतीय खेळाडू मोबाइलचा शौकीन आहे, मोठ्या खेळांत त्याला रस नाही, असे बाजाराचे पंडित सांगतात तेव्हा ते आवड म्हणून जे मोजतात, त्यात या ६७ दिवसांची भर किती, हे कोणी वजा करून पाहत नाही. वीस वर्षांपूर्वी कॅफेतल्या मुलांना ‘वन पॉइंट सिक्स’चेच वेड आहे, असेही म्हटले जाई. ते वेड खरेच होते. पण ते लॅनच्या तारेएवढ्या लांबीत वाढले होते. आजची आवड दिवसाच्या दीड जीबीत वाढते आहे, आणि रात्री दोनच्या गजराऐवजी आता बाराची वाट पाहिली जाते.