बारा बटणांचा माऊस आणि जिंतूरची वेलांटी

मंडळी, सध्या माझ्या टेबलावर एक गेमिंग माऊस आहे. अंगठ्याखाली बारा बटणं, प्रत्येकाला हवं ते काम नेमून द्यायचं. दोन महिने वापरतोय. अंगठ्याला न बघता सापडतात ती सहाच. मग बाकीची सहा कशाला? याचं उत्तर शोधता शोधता मी थेट परभणीच्या कचेरीत पोचलो. कसं ते सांगतो.

माऊसला बटणं किती असावीत हा वाद जुनाच. डग्लस एंगलबार्टच्या प्रयोगशाळेत १९६४ साली बनलेल्या पहिल्या लाकडी माऊसला एकच बटण होतं. ९ डिसेंबर १९६८ ला त्याने सॅन फ्रान्सिस्कोत प्रात्यक्षिक दिलं तेव्हा तीन झाली होती. शिवाय डाव्या हाताखाली पाच कळांचा संच. त्या वेगवेगळ्या जुळण्यांनी दाबल्या की सगळी एबीसीडी उमटायची. शिकायला कष्ट, पण नंतर वेग! उलट ॲपलने १९८३ च्या लिसाला एकच बटण दिलं, नवख्याचा गोंधळ नको म्हणून. २००९ साली रेझरचा नागा आला आणि अंगठ्याखाली बारा बटणांची जाळी आली.

आता आपल्याकडे या. निजामाच्या राज्यात परभणीचा सरकारी कारभार उर्दूत चाले. १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९६० ला महाराष्ट्र झाला, मग १९६४ चा राजभाषा अधिनियम. कचेऱ्यांना मराठी टंकलेखक लागले. पण मशीनवर कळा पन्नासच्या आत आणि जोडाक्षरं शेकड्यांनी. यावर तोड काय, तर अर्धी अक्षरं कळांवर बसवायची आणि पुढे काना मारून ती पूर्ण करायची. क्रमही कागदावर दिसतो तसा. 'जिंतूर' लिहायचं तर आधी वेलांटी, मग ज.

१९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इनस्क्रिप्ट आणला. स्वर डावीकडे, व्यंजनं उजवीकडे, क च्याच कळेवर शिफ्ट दाबून ख. क्रम उच्चाराचा, म्हणजे आधी ज, मग वेलांटी. इंजिनिअरच्या नजरेने हाच सरस. पण ज्याने मिनिटाला ३० मराठी शब्दांचं सर्टिफिकेट मिळवून क्लार्कची नोकरी धरली, त्याला 'उद्यापासून वेलांटी नंतर मारा' असं कोण सांगणार? त्याची भाकरी त्या क्रमावर होती.

म्हणून कॉम्प्युटरवर जुनाच कळफलक चालवणारे फॉन्ट आले. बोटं वाचली, पण फाईलमध्ये साठायचे रोमन अक्षरांचे संकेत. मराठी होती ती फक्त फॉन्टच्या चेहऱ्यावर. दुसऱ्या मशीनवर तो फॉन्ट नसला की नुसती खिचडी, आणि 'परभणी' शोधायला गेलं तर सापडणार नाही. पुढे युनिकोड रुळल्यावर, वर जुना कळफलक तसाच ठेवून खाली खरी मराठी साठवणारी साधनं आली. म्हणजे बोटांची सवय एका थरात, अर्थ दुसऱ्या थरात. हे आधीच सुचलं असतं तर कितीतरी फायली आज वाचता आल्या असत्या. असो.

तर सांगायचा मुद्दा असा की बटणं मोजून माऊस घेऊ नका. पैसे देण्याआधी तीन गोष्टी बघा. एक, डोळे मिटून अंगठ्याला पाचवं बटण सापडतं का? कीबोर्डवर एफ आणि जे ला उंचवटे असतात ते याचसाठी. दोन, नेमून दिलेली कामं माऊसच्याच मेमरीत साठतात की तुमच्या मशीनवरच्या सॉफ्टवेअरमध्ये? सॉफ्टवेअरमध्ये असतील तर ऑफिसच्या पीसीवर, जिथे काही इन्स्टॉल करता येत नाही, तिथे बारा बटणं नुसती शोभेची. तीन, एकदा लावलेली मांडणी तुम्ही वर्षभर न बदलता ठेवणार आहात का?

तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल तर साधा तीन बटणांचा घ्या. उरलेल्या पैशात चांगला कीबोर्ड येईल :)